ज्याला होडी नाही, त्याचा तराफा

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. सुट्टीत तिने ‘हकलबेरी फिन’ वाचलं आणि विचारलं, गोष्टीत कुणाला पळून जायचं असलं की तो तराफ्यावरच का बसतो? साधी होडी का घेत नाही? मला उत्तर सुचलं नाही. आम्हाला तराफा माहीत तो लालबागच्या राजाच्या विसर्जनाचा. तराफा म्हणजे सुटका, स्वातंत्र्य, ही कल्पना आली कुठून? मराठीत असं काही आहे का?
– एक वाचक, जेसल पार्क, भाईंदर (पूर्व)

उत्तर : मुलीला आधी शाबासकी द्या. होडी का नाही, या तिच्या शंकेतच निम्मं उत्तर आहे. होडी नेहमी कुणाची तरी असते. पावसाळ्यात उत्तनच्या किंवा पालीच्या किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या बोटी पाहा. प्रत्येकीवर नाव रंगवलेलं, नोंदणीचा क्रमांक घातलेला. मालक कोण, तांडेल कोण, साऱ्या गावाला ठाऊक. एक बोट पाण्यात उतरवायची तर लाकूड, सुतार, इंजिन, डिझेल, बँकेचं कर्ज असं बरंच काही मागे उभं करावं लागतं. ज्याला पळायचं आहे त्याच्यापाशी यातलं काही नसतं. वाहून आलेले ओंडके, रिकामी पिंपं, केळीचे खांब, नारळाची पोती, जे हाताला लागेल ते तो दोराने बांधतो आणि पाण्यात ढकलतो. त्याला परवाना लागत नाही, बंदर लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही. तराफा स्वातंत्र्याचं चिन्ह झाला तो यामुळे, असं माझं मत आहे. ज्याला कुणी होडी दिली नाही, त्याने स्वतःच्या हातांनी केलेली ती सोय आहे.

कल्पना फार जुनी आहे. होमरच्या ‘ओडिसी’त ती पुऱ्या रूपात सापडते. ट्रॉयचं युद्ध आटोपून घराकडे निघालेला ओडिसियस कॅलिप्सो नावाच्या अप्सरेच्या बेटावर सात वर्षं अडकून पडतो. छळ काहीच नाही. खाण्यापिण्याची चंगळ, अप्सरेचा त्याच्यावर जीव, आणि इथेच राहिलास तर तुला अमर करीन असं तिचं वचन. तरी हा गडी रोज किनाऱ्यावर बसून समुद्राकडे पाहत रडतो. शेवटी देवांचा हुकूम येतो आणि ती नाइलाजाने त्याच्या हातात कुऱ्हाड, वाकस आणि गिरमिट देते. पुढचं वर्णन एखाद्या कसबी सुताराने सांगावं तसं आहे. त्याने वीस झाडं पाडली, तासली, सूत धरून सरळ केली, भोकं पाडली, खुंट्या ठोकून एकमेकांत बसवली. डोलकाठी उभी केली, सुकाणू लावलं, लाटा आत येऊ नयेत म्हणून चारी बाजूंनी फोकांचा कूड विणला. चार दिवसांत काम संपलं, पाचव्या दिवशी तो निघाला. सतरा दिवस सगळं सुरळीत. अठराव्या दिवशी जमीन दिसू लागते आणि नेमका तेव्हाच समुद्राचा देव पोसायडन वादळ उठवून तराफ्याच्या चिंधड्या उडवतो. ओडिसियस पोहत किनारा गाठतो.

ओडिसियस राजा आहे, पण त्या बेटावर ना त्याचं राज्य आहे, ना गलबतं, ना माणसं. राहिले आहेत दोन हात. अमरत्व नको, घर हवं, असं ठरवणारा माणूस सगळ्यात आधी सुतारकाम करतो, हे होमरने इतक्या बारकाईने का सांगितलं असेल? माझ्या मते, बसून रडणारा कैदी आणि सुटू पाहणारा माणूस यांच्यातला फरक त्याला त्या वीस झाडांतच दाखवायचा होता.

आता याची दुसरी बाजू. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात जेरिकोचं १८१९ सालचं एक प्रचंड चित्र आहे, ‘मेडुसाचा तराफा’. घटना खरी आहे. १८१६ मध्ये मेडुसा नावाचं फ्रेंच जहाज आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ वाळूच्या दांड्यावर रुतलं. जहाजावरच्या होड्या सगळ्यांना पुरेनात. कप्तान, अधिकारी आणि वजनदार मंडळी होड्यांत बसली. उरलेल्या सुमारे १४७ जणांसाठी जहाजाच्याच लाकडांचा तराफा बांधला गेला. होड्यांनी तो दोराने ओढत न्यायचा, असं ठरलं होतं. थोड्याच वेळात दोर सोडून दिला गेला. तेरा दिवसांनी दुसऱ्या जहाजाला तो तराफा दिसला तेव्हा त्यावर १५ माणसं जिवंत होती. मधल्या दिवसांत तिथे मारामाऱ्या झाल्या आणि माणसांनी माणसांचं मांस खाल्लं. वाचलेल्यांपैकी दोघांनी ही हकिकत पुस्तकरूपाने छापली आणि फ्रान्समध्ये गदारोळ उठला. कप्तानाची नेमणूक कर्तबगारीवर झाली नव्हती, वशिल्यावर झाली होती, असा लोकांचा संताप होता. होडीत कोण आणि तराफ्यावर कोण, हे त्या दिवशी दर्जा पाहून ठरलं. तराफ्याकडे नुसतं मुक्तीचं गोड चित्र म्हणून पाहणाऱ्याने हे चित्र एकदा बघावं.

आणि आता तुमच्या मुलीचा हक. मार्क ट्वेनची ही कादंबरी १८८४ च्या डिसेंबरात आधी इंग्लंडमध्ये आणि १८८५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. काळ मात्र त्याआधीचा, अमेरिकेत गुलामगिरी कायदेशीर होती तेव्हाचा. दारूड्या, मारकुट्या बापापासून पळालेला हक आणि मालकीण आपल्याला दक्षिणेत विकणार हे कानावर आल्याने पळालेला गुलाम जिम, असे दोघे मिसिसिपी नदीच्या एका बेटावर भेटतात. तराफा त्यांनी बांधलेला नाही. नदीला पूर येतो आणि एका मोठ्या लाकूडवाहू तराफ्याचा तुटलेला तुकडा वाहत येतो, तो ते धरतात. पाइनच्या फळ्यांचा, पाण्याच्या वर जेमतेम वीतभर. जिम त्यावर एक खोपटं उभं करतो, मातीचा थर देऊन चुलीची जागा करतो. दिवसा दडायचं, रात्री प्रवाहाबरोबर जायचं.

मुलीच्या लक्षात आलंच असेल, या दोघांकडे एक होडकंही असतं. हकला ते आधीच सापडलेलं आहे. किनाऱ्यावर जाऊन यायला, चौकशी करायला ते वापरतात. पण राहतात तराफ्यावर. म्हणजे ‘होडी नव्हती म्हणून तराफा’ हे माझं वरचं उत्तर इथे पुरं पडत नाही, आणखी एक गोष्ट धरावी लागते. होडीला पुढची बाजू असते, मागची असते, सुकाणूची एक जागा असते. तिथे बसणारा एक, बाकीचे त्याच्या हुकमातले. तराफा सपाट. त्याच्यावर मानाची जागा नाही. गोरा पोरगा आणि काळा गुलाम तिथे शेजारी शेजारी पाठ टेकून चांदण्या बघत पडतात, आणि किनाऱ्यावरच्या एकाही गावात हे होऊ शकलं नसतं. हक जिमची एकदा क्रूर थट्टा करतो आणि नंतर त्याची माफी मागतो. गोऱ्याने गुलामाची माफी मागायची! ही माफी तराफ्यावरच घडते. स्वातंत्र्याबरोबर समता आली ती त्या सपाट फळ्यांमुळे. या कादंबरीने तराफ्याला दिलेली ही खरी देणगी आहे.

पण प्रवाह कुठे नेतो, तेही पाहा. त्यांचा बेत असा की केरो या गावापर्यंत जायचं. तिथे ओहायो नदी मिसिसिपीला मिळते. तिथून ओहायोने वर गुलामगिरी नसलेल्या राज्यांत शिरायचं. एका रात्री दाट धुकं पडतं आणि केरो मागे राहतं. होडकंही हातचं जातं. तराफा उलटा फिरवता येत नाही. तिथून पुढची प्रत्येक रात्र जिमला दक्षिणेकडे, जिथे गुलामगिरी सर्वांत घट्ट रुजलेली त्या मुलखात खोल खोल नेते. दोघं तराफ्यावर सुखात आहेत आणि तराफा त्यांना बेडीच्या दिशेने वाहून नेतो आहे. शेवटी कळतं की मालकिणीने मरताना मृत्युपत्रात जिमला मुक्त करून टाकलं होतं. तराफ्याने जिमला माणूस म्हणून जगायला थोड्या रात्री दिल्या, कायद्याने मोकळं केलं ते एका कागदाने. ट्वेनने ही गोष्ट अशीच रचली, म्हणून ती मोठी.

तुमच्या घरापासून दोन पावलांवर वसईची खाडी आहे, म्हणून तिच्यावरून एक सांगतो. मिसिसिपीचं पाणी एकाच दिशेने जातं. खाडीचं तसं नाही. ओहोटी लागली की घोडबंदरकडून पाणी समुद्राकडे धावतं, साधारण सव्वासहा तासांनी भरती लागते आणि तेच पाणी उलटं आत शिरतं. दोन भरत्या आणि दोन ओहोट्या पुऱ्या व्हायला सुमारे २४ तास ५० मिनिटं लागतात. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला ही ओढ जबर असते, अष्टमीच्या सुमारास भांगाला मंद. हक आणि जिम भाईंदरच्या रेल्वेपुलाखाली तराफा सोडून झोपी गेले असते, तर पांजू बेटाला वळसा पडला असता आणि पहाटेच्या भरतीने ते पुन्हा घोडबंदरच्या वाटेला लागले असते. खाडीकाठच्या माणसाला ‘वाहत जाऊ आणि सुटू’ हे स्वप्न पडणं अवघड आहे, कारण त्याला माहीत असतं की इथलं पाणी परत आणून सोडतं. त्याला पाण्याची वेळ साधावी लागते.

२०२५ च्या अनंत चतुर्दशीनंतर साऱ्या मुंबईने हे पाहिलं. लालबागच्या राजासाठी नवा यांत्रिक तराफा आणला होता. मूर्ती ७ सप्टेंबरला सकाळी गिरगाव चौपाटीवर पोचली, भरतीचं पाणी चढलेलं, मूर्ती तराफ्यावर चढेना. पुढे तासन्‌तास थांबावं लागलं आणि विसर्जन व्हायला रात्र झाली.

वेळ साधण्याची ही गोष्ट ज्या पुस्तकात सर्वांत ठळक आहे ते मराठी वाचकांच्या तीन पिढ्यांनी वाचलं आहे. आंरी शारिएरचं ‘पॅपिलॉन’, मराठीत रवींद्र गुर्जर यांनी आणलेलं. मूळ फ्रेंच पुस्तक १९६९ चं. फ्रेंच गयानाजवळच्या डेव्हिल्स आयलंडवर ठेवलेला कैदी खडकावर बसून लाटा मोजतो. सातवी लाट इतरांहून मोठी येते आणि ती परत फिरताना वस्तू खोल समुद्रात ओढून नेते, हे तो हेरतो. मग नारळ भरलेल्या पोत्यांचा तराफा करून त्या लाटेवर स्वतःला सोडून देतो. त्याच्याबरोबर दुसऱ्या तराफ्यावर निघालेला साथीदार समुद्र पार करतो आणि किनाऱ्याजवळच्या चिखलात रुतून मरतो. शारिएरने सांगितलेलं सगळं त्याच्याच आयुष्यात घडलं का, यावर पुढे शंका घेतल्या गेल्या. लाटा मोजणारा तो माणूस मात्र वाचकांच्या मनातून हलला नाही. होमरच्या सुताराचाच तो वंशज आहे.

बाकीचे तराफे थोडक्यात. रॉबिन्सन क्रूसो (१७१९) तराफा बांधतो तो पळण्यासाठी नाही, फुटलेल्या जहाजावरचं सामान बेटावर आणण्यासाठी. संसार थाटणाऱ्याचा तराफा तो. यान मार्टेलच्या ‘लाइफ ऑफ पाय’ (२००१) मधला मुलगा वल्ही आणि जीवरक्षक जाकिटं बांधून तराफा करतो, कारण होडीत वाघ आहे. पण तराफा होडीला दोराने जोडलेलाच ठेवावा लागतो, खाणंपाणी होडीत आहे ना. आणि १९४७ मध्ये नॉर्वेचा थॉर हायरडाल पाच सोबती घेऊन बाल्सा लाकडाच्या ‘कॉन-टिकी’ तराफ्यावर पेरूहून निघाला आणि १०१ दिवसांनी पॉलिनेशियातल्या प्रवाळखडकावर आदळला. तो सुटायला निघाला नव्हता, एक मत सिद्ध करायला निघाला होता. मत पुढे फारसं टिकलं नाही, प्रवासवर्णन टिकलं.

आता मराठी. अगदी स्पष्ट सांगायचं तर हकच्या तोडीचा तराफा आपल्या कथा-कादंबरीत मला दिसत नाही. सुटकेच्या आपल्या गोष्टी जमिनीवरच्या आहेत. १६६६ ची आग्र्याहून सुटका म्हटली की पेटारे आठवतात, पन्हाळगड म्हटला की पावसातली रात्र आणि खिंड. देशावरच्या नद्या वर्षातले कितीतरी महिने गुडघाभर पाण्याच्या. त्या ओलांडायला तराफा लागत नाही आणि पुरात तराफ्याचा उपयोग नाही. पळणाऱ्या माणसाला आपल्याकडे नदीपेक्षा डोंगराने जास्त आसरा दिला. समुद्रावर आलो तरी कवितेत मोठी गलबतंच येतात. कुसुमाग्रजांचं ‘विशाखा’मधलं कोलंबसाचं गर्वगीत आठवा. सावरकरांची १९१० ची मार्सेलिसची उडी आपल्या मनात कोरलेली आहे, पण ती नुसत्या अंगानिशी मारलेली उडी.

अंदमानात मात्र तराफे होते. सत्तावनच्या बंडातले कैदी १८५८ मध्ये तिथे नेले गेले आणि त्याच वर्षी रॉस बेटावरून दूधनाथ तिवारी हा शिपाई बऱ्याच साथीदारांसह ओंडके बांधून केलेल्या तराफ्यांवरून निसटला. पुढे जंगलात साथीदार मारले गेले, तो अंदमानी लोकांत वर्षभर राहिला. मग परत येऊन त्यांच्या होऊ घातलेल्या हल्ल्याची खबर त्याने इंग्रजांना दिली आणि माफी मिळवली. ज्यांनी आसरा दिला त्यांनाच विकून तो मोकळा झाला. यावर मराठीत कुणीतरी चांगली कादंबरी लिहायला हवी.

आपल्याकडे पाणी ओलांडून जाण्याची कल्पना फुलली ती संतांच्या वाङ्मयात. शके १२१२ मध्ये नेवाशाला सांगितलेल्या ज्ञानेश्वरीचा सातवा अध्याय काढा. मायेची नदी तिथे इतक्या तपशिलाने येते की सह्याद्रीतला पूर ज्याने डोळ्यांनी पाहिला आहे त्यानेच ते लिहावं. माणसं नाना उपायांनी ती तरून जायला बघतात आणि बुडतात. जो अनन्य होऊन भजतो त्याच्यासाठी मात्र अलीकडच्या काठावरच पाणी आटून जातं. बाराव्या अध्यायात तर देव स्वतःच हजारो नामांच्या नावा सजवून तारू होतो. एकट्या जिवांना ध्यानाच्या कासेला लावतो, प्रपंचवाल्यांना तरीवर घेतो, कुणाच्या पोटाला प्रेमाची पेटी बांधून पैलतीराला आणतो. पोहता न येणाऱ्याच्या अंगाला हलकी पेटी नाहीतर डबा बांधायचा, हे गावच्या विहिरीवर शिकलेल्या कुणालाही कळेल. ज्ञानदेवांनी मोक्षाची गोष्ट तिथवर खाली आणली. फरक एवढाच की इथे तारणारा दुसरा कुणी आहे. ओडिसियसला कुऱ्हाड स्वतः चालवावी लागते.

तराफ्याबद्दलचा मला सर्वांत पटणारा विचार मात्र याहून जुना आहे, आणि तो तुमच्या खाडीपलीकडच्या मुलखाशी जोडलेला आहे. नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. इथे अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला, आणि इथलाच स्तूप १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी उकरून काढला. बुद्धाचा शिष्य पुण्ण याची कथा याच किनारपट्टीशी जोडतात. या परंपरेच्या ‘मज्झिम निकाय’ ग्रंथातल्या बाविसाव्या सुत्तात बुद्धाने तराफ्याचा दाखला दिला आहे. एक वाटसरू मोठ्या पाण्यापाशी येतो. अलीकडचा काठ भयाचा, पलीकडचा निर्भय. तिथे नाव नाही, पूल नाही. तो गवत, काटक्या, फांद्या, पानं गोळा करून तराफा बांधतो आणि हातापायांनी पाणी मारत पलीकडे जातो. आता ‘याचे माझ्यावर उपकार आहेत’ म्हणून त्याने तो डोक्यावर घेऊन फिरावं का? बुद्ध म्हणतो, नाही. काठावर ठेवावा नाहीतर पाण्यात सोडावा, आणि आपल्या वाटेने जावं. माझा धम्मही असाच तरून जाण्यासाठी आहे, धरून बसण्यासाठी नाही.

‘नाव नाही, पूल नाही’ एवढ्यात तुमच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर आलं. हातापायांनी पाणी मारणं यात हकच्या वाहत जाण्यावरचा तोडगाही आला. आणि तराफा सोडून द्यायचा हे तिसरं कलम तर पाश्चात्त्य कादंबरीत सहसा मिळतच नाही. तिथे तराफा हेच स्वातंत्र्य होऊन बसतं, पलीकडचा काठ धूसर राहतो. गोव्याच्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी घरदार सोडून पाली शिकले आणि त्यांनी बुद्धाचं हे वाङ्मय मराठी वाचकाच्या दारात आणलं. त्यांचं ‘भगवान बुद्ध’ मुलगी दहावी-अकरावीत गेली की तिच्या हातात द्या. आत्ता ‘ओडिसी’तला तराफ्याचा भाग वाचून दाखवलात तरी तिला आवडेल.

प्रश्न : पुरात लोक जीव मुठीत धरून तराफ्यावरून जातात. त्याला साहित्यिकांनी स्वातंत्र्य म्हणावं, हे पटत नाही.
– एक वाचक, मीरा रोड

उत्तर : मलाही पटत नाही. पंचगंगा-वारणेच्या काठची माणसं पुरात गुळाच्या काहिलीत बसून पाणी ओलांडतात. ज्या पसरट भांड्यात उसाचा रस आटवायचा त्यात म्हातारी माणसं, लेकरं, शेळ्या बसतात आणि चार पोहणारे कडा धरून ती पलीकडे ढकलतात. ते धाडस खरंच मोठं आहे. पण त्या घरातल्या बाईला विचारलं तर ती स्वातंत्र्याचं नाव घेणार नाही, रस्ता आणि पूल मागेल.

२०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या भिवधानोऱ्याच्या मुलांची बातमी आली होती. गाव गंगापूर तालुक्यातलं. जायकवाडी धरणाचं फुगलेलं पाणी वाटेत येतं, म्हणून शाळकरी मुलं थर्माकोलच्या तक्त्यांवर बसून, हाताने पाणी मारत शाळेत जात होती. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. ना नाव, ना पूल, म्हणून हाताला येईल त्याचा तराफा. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या दाखल्यातला वाटसरू आणि ही मुलं यांच्यात साधनापुरता काहीच फरक नाही. वाटसरूला ते पाणी एकदाच ओलांडायचं होतं. या मुलांना ते रोज सकाळी आणि रोज दुपारी ओलांडावं लागत होतं. रोजचा तराफा ही सरकारची कसूर आहे, आणि तिला काव्याचं पांघरूण घालणारा लेखक खोटं लिहितो.

आपल्या शहरातही हे फार दूरचं नाही. भाईंदर आणि नायगावच्या मधल्या पांजू बेटावर राहणाऱ्यांना नायगावला जायचं तरी होडीच लागते. डोक्यावरून दिवसभर लोकल जातात. भाईंदर-वसई रो-रो फेरी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, त्याआधी मोटार घेऊन वसईला जायचं तर घोडबंदर आणि महामार्गाचा वळसा ठरलेला. पाण्याने वेगळं पाडलेल्या माणसांची ही दोन काठांची हकिकत कुणीच नीट लिहून ठेवलेली माझ्या पाहण्यात नाही.

म्हणून एक विनंती. उत्तन, राई, मुर्धा, डोंगरी, घोडबंदर, पांजू इथल्या वाचकांनी घरातल्या जुन्या माणसांना विचारावं. पूल आणि फेऱ्या नव्हत्या तेव्हा खाडी कशी ओलांडत, बोट नसेल तेव्हा काय बांधून पाण्यात उतरत, भरती चुकली तर रात्र कुठे काढत, मिठागरातले मजूर पलीकडे कसे जात. जे ऐकाल ते सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहून या सदराकडे पाठवा. कोळी बोलीत असेल तर तसंच्या तसं पाठवा, प्रमाण मराठीत आणायच्या भरीला पडू नका.